शे-दीडशे रकान्यांचा फॉर्म विनफॉर्म्समध्ये स्क्रोल करताना

आधी प्रश्न थोडक्यात. एका पतसंस्थेच्या कर्ज अर्जाचा फॉर्म सी-शार्प भाषेत, विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज-फॉर्म बनवायच्या साधनाने बनवला आहे. त्यात सुमारे १४० रकाने आहेत. डेव्हलपरच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं ठीक दिसतं, पण शाखेतल्या १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर खालचं 'जतन करा' बटणच दिसत नाही. फॉर्मचं ऑटोस्क्रोल (मजकूर मावला नाही की स्क्रोलबार आणणारा गुणधर्म) 'ट्रू' केलं तरी स्क्रोलबार येत नाही. एका पॅनेलवर (रकाने ठेवायच्या आतल्या चौकटीवर) तो आला, तर खाली सरकून 'जामीनदार वाढवा' दाबल्यावर नवे रकाने भलत्याच जागी उमटतात. आणि माऊसचं चाक फिरवलं की फॉर्म सरकायच्या ऐवजी कर्जाचा प्रकार बदलतो.

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, ती खाली एकेक करून सांगतो. त्याआधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. हा फॉर्म भरणाऱ्या ऑपरेटरची नजर कागदी अर्जावर असते आणि दोन्ही हात कीबोर्डवर. त्याला माऊस धरून स्क्रोलबार ओढावा लागला, की प्रत्येक अर्जामागे त्याची लय तुटते. म्हणून स्क्रोल होणारा फॉर्म चांगला केव्हा म्हणायचा? पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत जाताना स्क्रोलबारला एकदाही हात लावावा लागला नाही, तर. स्क्रोलबार दिसायला हवाच, पण अर्ज किती उरला आहे ते कळण्यासाठी.

आता जागेचा हिशेब. १३६६ × ७६८ च्या छोट्या लॅपटॉपवर बरेच जण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के ठेवतात. म्हणजे तुमच्या फॉर्मच्या मापात स्क्रीन उरते १०९३ × ६१४ एवढीच. टास्कबारचे चाळीसेक आणि शीर्षकपट्टीचे तीसेक पिक्सेल गेले की उंची साधारण ५४० राहते. वरची ओळखपट्टी आणि खालची बटणांची पट्टी मिळून शंभर पिक्सेल धरले, तर रकान्यांना ४४० मिळतात. एका ओळीला ३२ पिक्सेल धरा: एका वेळी जेमतेम चौदा ओळी दिसतील. १४० रकाने एकाखाली एक लावले तर ४४८० पिक्सेलची उंची होते, म्हणजे दहा पडदे. डेव्हलपरने कोड लिहायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडावा. 'मॅक्सिमाइझ केल्यावर बसेल' हे गृहीत धरूनच असे फॉर्म बिघडतात.

दहा पडदे ऐकून लगेच टॅब पानं करावीशी वाटतील: वैयक्तिक, व्यवसाय, जामीनदार, तारण. कागदी अर्जावरून नोंद होत असेल तर मी टॅब पानांच्या विरोधात आहे. 'जतन करा' दाबलं आणि चूक तिसऱ्या पानावर असेल, तर ती ऑपरेटरला दिसत नाही. कागदावरचा क्रम आणि पानांची विभागणी जुळली नाही तर त्याला मागेपुढे उड्या माराव्या लागतात. एकच लांब फॉर्म, कागदाच्याच क्रमाने, मध्ये ठळक विभागशीर्षकं, हे नोंदीच्या कामाला सरस पडतं. टॅब पानं भरलेली माहिती नंतर बघायला चांगली. दोन स्तंभ करायचे असतील तर जे रकाने मुळात जोडीचे आणि आखूड आहेत तेवढ्यांचेच करा: तालुका आणि पिनकोड, जन्मतारीख आणि वय. उंची वाचवण्यासाठी अख्खा फॉर्म दोन स्तंभांत कोंबला, तर टॅब दाबल्यावर कर्सर उजवीकडे जाणार की खाली, याचा अंदाज माणसाला येत नाही.

दुसरा निर्णय: काय सरकणार आणि काय जागचं हलणार नाही. फॉर्मचं स्वतःचं ऑटोस्क्रोल बंदच ठेवा. ते चालू केलं तर 'जतन करा' आणि 'रद्द' ही बटणंही सरकून वर निघून जातात. फॉर्मवर तीन गोष्टी ठेवा. वर डॉक 'टॉप' केलेली, म्हणजे वरच्या कडेला चिकटवलेली पट्टी, तिच्यात सभासद क्रमांक आणि अर्जदाराचं नाव. आठव्या पडद्यावर तारणाची माहिती भरताना हा कोणाचा अर्ज आहे ते समोर दिसत राहतं. खाली डॉक 'बॉटम' केलेली बटणांची पट्टी. मधल्या जागेत डॉक 'फिल' केलेलं, म्हणजे उरलेली जागा व्यापणारं एक पॅनेल, आणि ऑटोस्क्रोल फक्त त्याच पॅनेलला.

आता पहिली तक्रार: ऑटोस्क्रोल 'ट्रू' असूनही स्क्रोलबार का येत नाही. पॅनेल आपल्या आतल्या कंट्रोलांच्या (लेबलं, रकाने, बटणं) कडा मोजतं आणि त्या दिसणाऱ्या भागाबाहेर गेल्या तरच बार आणतं. पण मोजताना सगळे कंट्रोल धरत नाही. ज्याचं डॉक 'फिल' किंवा 'बॉटम' आहे तो धरला जात नाही, कारण तो पॅनेलच्या मापाला बांधलेला असतो. ज्याच्या अँकरमध्ये (कोणत्या कडेपासूनचं अंतर कायम ठेवायचं ते सांगणारा गुणधर्म) 'बॉटम' आहे तोही उभ्या मोजणीतून वगळला जातो. लपवलेला कंट्रोलही नाही. बहुतेक वेळा घडतं ते असं: स्क्रोल होणाऱ्या पॅनेलमध्ये एक टेबललेआउटपॅनेल (ओळी-स्तंभांत मांडणी करणारं पॅनेल) ठेवलेलं असतं आणि सवयीने त्याला डॉक 'फिल' दिलेलं असतं. मग आतलं टेबल बाहेरच्या पॅनेलएवढंच होतं, खालच्या ओळी कापल्या जातात आणि बार येत नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसतंय. आतल्या टेबलाला डॉक 'टॉप' द्या आणि ऑटोसाइझ 'ट्रू' करा. रुंदी बाहेरचं पॅनेल ठरवेल, उंची आतला मजकूर ठरवेल, आणि उंची जास्त झाली की बार आपोआप येईल. ऑटोस्क्रोलमिनसाइझमध्ये हाताने ४४८० सारखा आकडा टाकून बार आणता येतो, पण दोन रकाने वाढले किंवा फॉन्ट बदलला की तो आकडा खोटा ठरतो. मी तो वापरत नाही.

डॉक 'टॉप' मुळे आणखी एक कटकट टळते. उभा बार आला की तो १०० टक्के स्केलिंगला १७ पिक्सेल खातो. आतल्या कंट्रोलांची रुंदी ठरावीक असेल तर तेवढ्यामुळे खाली आडवा बारही उगवतो. डॉक केलेलं टेबल स्वतःच तेवढं आक्रसतं. नोंदीच्या फॉर्मला आडवा बार कधीही नसावा.

रचना सांगतो. प्रत्येक विभागाचा वेगळा युजरकंट्रोल (अनेक कंट्रोलांचा एक तयार गट) करा: अर्जदार, पत्ता, उत्पन्न, जामीनदार, तारण, वारसदार. त्याच्या आत दोन स्तंभांचं टेबललेआउटपॅनेल, लेबलांचा स्तंभ ऑटोसाइझ, रकान्यांचा स्तंभ १०० टक्के. बाहेर एकच स्तंभ असलेलं मोठं टेबल, त्यात हे विभाग ओळीने. डिझायनरमध्ये साडेचार हजार पिक्सेल उंच पॅनेल हाताळणं जिकिरीचं असतं. विभाग वेगळे केले की तो प्रश्नच उरत नाही, शिवाय जामीनदाराचा विभाग दुसऱ्या, तिसऱ्या जामीनदारासाठी तसाच वापरता येतो. बाहेरचं टेबल न वापरता विभाग थेट पॅनेलमध्ये डॉक 'टॉप' करून घातले, तर क्रम उलटा येतो: नंतर घातलेला विभाग सगळ्यांत वर जाऊन बसतो, कारण डॉकिंग झेड-क्रमात (कंट्रोल एकावर एक रचल्याच्या क्रमात) मागून पुढे होतं. घातल्यावर लगेच ब्रिंगटूफ्रंट म्हटलं की क्रम सरळ होतो. तरी बाहेरचं टेबल बरं. नंतर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

दुसरी तक्रार, नवे रकाने भलत्या जागी उमटण्याची. स्क्रोल झालेल्या पॅनेलमध्ये कंट्रोलचं लोकेशन मोजलं जातं ते आत्ता दिसणाऱ्या भागाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, मजकुराच्या सुरुवातीपासून नाही. समजा पॅनेल ६०० पिक्सेल खाली सरकलंय आणि जामीनदाराचा नवा विभाग मजकुरात ९०० वर हवाय. तुम्ही वाय ९०० दिलंत तर तो प्रत्यक्षात १५०० वर जातो आणि मध्ये ६०० पिक्सेलचं रिकामं मैदान राहतं. पॅनेल किती सरकलंय ते सांगणारं ऑटोस्क्रोलपोझिशन वाचलं तर वाय उणे ६०० मिळतो. तो ९०० मध्ये मिळवून ३०० द्यायचा. याच गुणधर्माची दुसरी खोच लक्षात ठेवा: वाचताना तो उणे येतो, पण लिहिताना अधिक द्यावा लागतो. वाचलेली किंमत जपून ठेवली आणि तशीच परत लिहिली, तर फॉर्म थेट वर, पहिल्या रकान्यावर जातो. चिन्ह बदलून लिहा. वर सांगितलेली टेबलाची रचना केली असेल तर लोकेशनचा हिशेब टेबलच करतं आणि ही अडचण मुळातच संपते. नवा विभाग घालताना आधी सस्पेंडलेआउट, सगळं घालून झाल्यावर रिझ्यूमलेआउट; नाहीतर प्रत्येक कंट्रोलमागे पूर्ण मांडणी नव्याने होते आणि स्क्रीन लुकलुकते.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण तिच्यात माहिती बिघडते आणि कोणाला पत्ता लागत नाही. ऑपरेटरने ड्रॉपडाउनमध्ये 'सोनेतारण' निवडलं, मग खाली जायला चाक फिरवलं. फोकस (कीबोर्डचा ताबा) अजून ड्रॉपडाउनवरच आहे, त्यामुळे चाकाचा संदेश त्याला मिळतो आणि निवड 'वाहन कर्ज' होते. ऑपरेटरची नजर तोवर कागदावर गेलेली असते. न्यूमेरिकअपडाउनचंही (बाणांनी आकडा बदलायच्या रकान्याचंही) तेच, कर्जाची रक्कम किंवा हप्त्यांची संख्या चाकाच्या एका टप्प्याला मुळात तीन पायऱ्यांनी हलते. उपाय सोपा आहे. या कंट्रोलांच्या माऊसव्हील इव्हेंटमध्ये मिळणारं आर्ग्युमेंट हँडल्डमाऊसइव्हेंटआर्ग्ज प्रकारात बदलून घ्या आणि त्याचं हँडल्ड 'ट्रू' करा. ड्रॉपडाउन उघडलेला असेल तेव्हा मात्र चाक चालू द्या. पण एवढ्यावर थांबलात तर त्या कंट्रोलवर चाक पूर्णपणे मुकं होतं. म्हणून त्याच ठिकाणी बाहेरच्या पॅनेलचं ऑटोस्क्रोलपोझिशन चाकाच्या प्रमाणात हलवा. हे प्रत्येक ड्रॉपडाउनला वेगळं लिहू नका. कॉम्बोबॉक्स आणि न्यूमेरिकअपडाउनपासून स्वतःचे दोन वर्ग काढा आणि फॉर्मभर तेच वापरा. रकमेसाठी तर न्यूमेरिकअपडाउन नकोच. साधा टेक्स्टबॉक्स आणि बाहेर पडताना तपासणी. पाच लाखांची रक्कम बाणांनी कोणी भरत नाही.

आता कीबोर्ड. टॅबने फोकस पुढच्या रकान्यावर गेला की विनफॉर्म्स तो रकाना स्वतःच दिसेल एवढं पॅनेल सरकवतं. पण तो अगदी कडेला चिकटून येतो. पुढे काय आहे ते दिसत नाही. पॅनेलच्या ऑटोस्क्रोलमार्जिनची उंची साठेक पिक्सेल ठेवा. मग फोकसचा रकाना कडेपासून तेवढा आत येतो आणि पुढची किमान एक ओळ आधीच दिसते. कोडच्या एका ओळीचा हा बदल, पण नोंद करणाऱ्याला तो लगेच जाणवतो. टॅबइंडेक्स विभागाला वेगळा आणि विभागाच्या आत वेगळा द्यावा लागतो. विभागांचे आकडे चुकले तर पत्त्यावरून कर्सर थेट वारसदारावर जातो.

आपल्याकडच्या ऑपरेटरांचा हात एंटरवर बसलेला आहे. फॉक्सप्रोच्या काळापासून ती सवय आहे आणि टॅलीतही एंटरनेच पुढे जातात. तेव्हा एंटरला टॅबसारखं वागू द्या: फॉर्मच्या प्रोसेससीएमडीकीमध्ये एंटर पकडून सिलेक्टनेक्स्टकंट्रोल बोलवा, फक्त अनेक ओळींच्या शेऱ्याच्या रकान्यात आणि बटणांवर त्याला हात लावू नका. सोबत फॉर्मचं ॲक्सेप्टबटण रिकामं ठेवा, म्हणजे एंटरने अर्धवट अर्ज जतन व्हायची शक्यताच राहत नाही. जतन करायला कंट्रोल-एस द्या. पेजअप आणि पेजडाउन पॅनेलला आपोआप समजत नाहीत, कारण पॅनेलला फोकस मिळत नाही. त्याही तिथेच पकडून ऑटोस्क्रोलपोझिशन एक पडदा हलवा.

एक त्रास हमखास भेटतो. ऑपरेटर चाकाने खाली येऊन तारणाची माहिती वाचत असतो, फोकस मात्र वरच्या रकान्यावर आहे. तो कॅल्क्युलेटर उघडतो, परत फॉर्मवर येतो आणि पॅनेल एकदम वर उडी मारतं. कारण फॉर्म पुन्हा सक्रिय होताना फोकसचा कंट्रोल दिसायला हवा म्हणून पॅनेल सरकवलं जातं. स्वतःचा पॅनेल वर्ग काढून स्क्रोलटूकंट्रोल ओव्हरराइड करा आणि आहे तीच जागा, म्हणजे डिस्प्लेरेक्टँगलचं लोकेशन, परत द्या असा सल्ला यावर सर्रास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. तसं सरसकट केलं की टॅबने सरकणंही बंद पडतं, आणि ते तर आपल्याला सगळ्यांत जास्त हवंय. म्हणून फॉर्म निष्क्रिय होताना एक खूण लावा, परत सक्रिय होऊन फोकस स्थिरावला की बिगिनइन्व्होकने (हातातली कामं संपल्यावर चालणाऱ्या कॉलने) ती काढा, आणि खूण असेल तेवढ्यापुरतीच जुनी जागा परत द्या.

तपासणीबद्दल. 'जतन करा' दाबल्यावर सगळ्या चुका एका संदेशपेटीत दाखवू नका. दहा पडद्यांच्या फॉर्मवर 'पॅन क्रमांक चुकीचा आहे' वाचून ओके दाबल्यावर माणसाने तो रकाना शोधायचा कुठे? टॅबक्रमाने पहिला चुकलेला रकाना घ्या, त्याला फोकस द्या. पॅनेल स्वतः तिथे सरकेल. खालच्या स्थिर पट्टीत 'आणखी ३ चुका' एवढं दाखवा आणि एफ-८ सारखी एखादी कळ पुढच्या चुकीवर जायला द्या. चूक दाखवणाऱ्या एररप्रोव्हायडरचं चिन्ह रकान्याच्या उजवीकडे उमटतं, तेव्हा टेबलात उजवीकडे वीसेक पिक्सेलची मोकळी जागा सोडा, नाहीतर ते कापलं जातं.

मराठी लेबलांना वेगळी काळजी लागते. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये विनफॉर्म्सचा मूळ फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ ८.२५ आहे. त्यात देवनागरी नाही, म्हणून विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणतं. ती उंच असतात. १३ पिक्सेल उंचीच्या लेबलात 'कुटुंबप्रमुखाचे पूर्ण नाव' लिहिलं तर खालचे उकार आणि वरचे अनुस्वार कापले जातात. फॉर्मलाच निर्मला यूआय १० द्या. विंडोज ८ पासून तो सोबत येतो. लेबलांचं ऑटोसाइझ चालू ठेवा आणि ओळीची उंची टेबलालाच ठरवू द्या. लेबलांचा स्तंभ ऑटोसाइझ असेल तर एखादं लांबलचक लेबल सगळ्या रकान्यांना उजवीकडे ढकलतं. लेबलांना कमाल रुंदी दिली की ती दोन ओळींत मोडतात.

किती कंट्रोल म्हणजे फार? विनफॉर्म्समध्ये लेबलसुद्धा एक स्वतंत्र विंडो असते. १४० रकाने म्हणजे लेबलांसह तीनशेच्या आसपास विंडो. तेवढ्याने काही बिघडत नाही. विंडोज एका प्रोसेसला मुळात १०,००० यूझर ऑब्जेक्ट (विंडो, मेनू वगैरे) देतं. फॉर्म बंद करताना डिस्पोज न करता नुसते लपवत गेलात, तर दिवसभराच्या कामात ती मर्यादाही गाठता येते. दुसरी भिंत उंचीची: ३२,७६७ पिक्सेलच्या पलीकडे कंट्रोल नीट बसत नाहीत. तिच्या जवळ जायची वेळ आली तर रचनाच चुकली आहे असं समजा. मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, घरातल्या सदस्यांची यादी, इतर संस्थांची कर्जं, सातबाऱ्यावरचे गट, अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींसाठी टेक्स्टबॉक्सच्या रांगा लावू नका. डेटाग्रिडव्ह्यू वापरा, दहा ओळी असोत की शंभर, संपादनाला तो एकच कंट्रोल वापरतो. फक्त स्क्रोल होणाऱ्या पॅनेलमध्ये दुसरं स्क्रोल होणारं ग्रिड आलं की चाक कोणाचं हा घोळ होतो. ग्रिडची उंची ओळींप्रमाणे वाढवा, त्याचा स्वतःचा बार बंद ठेवा.

व्हिज्युअल बेसिक ६ मधले जुने फॉर्म अजून सांभाळणारेही अनेक आहेत. तिथे ऑटोस्क्रोल नाही. एका पिक्चरबॉक्समध्ये दुसरा उंच पिक्चरबॉक्स ठेवून उभ्या स्क्रोलबारने त्याचा टॉप उणे करत जायचं. त्या बारची कमाल किंमत ३२,७६७ आहे आणि माप ट्विपमध्ये, म्हणजे ९६ डीपीआयला एका पिक्सेलमागे १५. सुमारे २१८४ पिक्सेलनंतर ओव्हरफ्लो येतो, म्हणून बारला ट्विपऐवजी पिक्सेल द्या आणि टॉप ठरवताना गुणून घ्या.

दुसऱ्या साधनांत काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. डब्ल्यूपीएफमध्ये स्क्रोलव्ह्यूअर स्टॅकपॅनेलच्या आत ठेवला तर त्याला अमर्याद उंची मिळते आणि तो कधीच सरकत नाही. तो ग्रिडच्या तारांकित (उंची '*' दिलेल्या, म्हणजे उरलेली जागा घेणाऱ्या) ओळीत ठेवा. क्यूटीमध्ये क्यूस्क्रोलएरियाचं सेटविजेटरिसाइझेबल 'ट्रू' करायला विसरू नका, ते मुळात 'फॉल्स' असतं. जावा स्विंगमध्ये जेस्क्रोलपेनात साधं जेपॅनेल ठेवलं की चाक गोगलगायीसारखं चालतं, कारण उभ्या बारचं युनिट इन्क्रिमेंट १ पिक्सेल असतं. ते १६ करा. पायथनच्या टीकेइंटरमध्ये फ्रेम स्क्रोल होतच नाही. कॅनव्हासमध्ये क्रिएट-विंडोने फ्रेम बसवून तिच्या कॉन्फिगर इव्हेंटवर स्क्रोलरीजन ताजा करावा लागतो, आणि टॅबने गेलेला रकाना दिसावा यासाठी फोकसइनवर कॅनव्हास स्वतः सरकवावा लागतो.

तुमच्या हातातल्या फॉर्मवर कामाला लागताना चाकाचा बंदोबस्त आजच करून शाखेत पाठवा, कारण तिथे रोज चुकीची नोंद होण्याचा धोका आहे. बटणांची पट्टी स्थिर करणं आणि आतल्या टेबलाचं डॉक 'टॉप' करणं हे त्याच्या पाठोपाठ. दोन्ही मिळून तासाभराचं काम आहे. विभागांचे युजरकंट्रोल सवडीने करा. आणि पुढची आवृत्ती देण्याआधी स्वतःच्या मशीनचं रिझोल्यूशन १३६६ × ७६८ आणि स्केलिंग १२५ टक्के करा, खरा भरलेला कागदी अर्ज शेजारी ठेवा, माऊसची वायर काढा आणि तो अर्ज शेवटपर्यंत भरून कंट्रोल-एस दाबा.